मुराळी निघाला विजेवर

विजेवर चालणारी मोटार घ्यावी की घेऊ नये, या विषयावर माझा आठ महिन्यांचा अभ्यास आहे. गंमत नाही सांगत. दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर फायदे, उजव्या पानावर तोटे. आमच्या दीपमालाने ती दोनदा रद्दीत घातली आणि दोन्ही वेळा मी रद्दीवाल्याच्या मागे पिंप्राळ्यापर्यंत धावत जाऊन ती सोडवून आणली. बायकोचं म्हणणं एकच, "आठ महिन्यांत तान्हं पोर रांगायला लागतं. तुमची गाडी अजून वहीतच पडून आहे."

पण घाई माझ्या रक्तात नाही. मी जळगावच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला आहे. माती चोपड्याच्या केळीवाल्याची असो की पारोळ्याच्या कपाशीवाल्याची, नमुना तीनदा तपासल्याशिवाय मी अहवाल देत नाही. काही शेतकरी म्हणतात, नवलभाऊंचा अहवाल हातात पडतो तेव्हा पीक बाजारात गेलेलं असतं. म्हणोत बापडे. जळणाऱ्याला कोण काय करणार?

गाडी मात्र होतीच तशी! उंचीने धड जीप नाही, धड साधी मोटार नाही. चारही बाजूंनी आटोपशीर, आमच्या सोसायटीच्या फाटकातून आरसे न मिटता आत येईल एवढी. कंपनी तिला क्रॉसओव्हर म्हणते. रंग कैरीचा. शोरूमच्या काचेपलीकडे ती उभी दिसली की माझी स्कूटर आपोआप हळू व्हायची. मी आत जायचो, स्टीअरिंगला हात लावायचो, डिकीत वाकून बघायचो आणि घरी येऊन वहीत आणखी दोन तोटे लिहायचो. प्रेमात माणूस असाच वागतो, असं मला वाटतं.

सल्ला देणाऱ्यांत पहिला मान बन्सीलालनानांचा. नाना आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. भुसावळला रेल्वेत तेहतीस वर्षं विजेचं इंजिन चालवून निवृत्त झालेले. म्हटलं, विजेवर चालणाऱ्या वाहनाबद्दल यांच्याइतकं कोणाला कळणार?

नानांनी गाडीचा फोटो बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला आणि विचारलं, "नवल, वर तार कुठाय?"

"तार नसते नाना. बॅटरी असते."

"म्हणजे वीज डब्यात भरून नेणार?"

"तसंच समजा."

"आणि वाटेत डबा संपला म्हणजे? अरे, माझ्या इंजिनाला पार खंडव्यापर्यंत तार होती. तार सोडून मी एक फूट पुढे गेलो नाही. आणि तू बिनतारेचा गावोगाव निघालास?"

शिवाय या गाडीला आवाज नाही हे कळल्यावर तर ते फारच हळहळले. म्हणाले, "आवाजच नाही, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायचं कसं की तू गाडी घेतली?" हा तोटा मला सुचलाच नव्हता. तो मी लाल शाईने लिहिला. पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय करायला नानांनी सोसायटीचं ना-हरकत पत्र दिलं खरं, पण त्यात अट घातली, की साठवलेल्या विजेमुळे गच्चीवर वीज पडल्यास जबाबदारी अर्जदाराची राहील.

ते पत्र घेऊन मी वीज कार्यालयात गेलो. तिथल्या टेबलावर सुनंदाबाई नावाच्या बाई होत्या. अर्ज वाचून त्या म्हणाल्या, "चार्जिंगचं वेगळं मीटर पाहिजे ना? मग गाडीचं आरसी बुक जोडा."

"गाडी अजून घ्यायचीय. मीटर मिळालं की घेतो."

"गाडी असल्याशिवाय मीटर मिळत नाही."

"अहो, मीटर असल्याशिवाय मी गाडी घेणार नाही!"

सुनंदाबाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मागच्या रांगेतल्या लोकांनाही माझी दया आली असावी. "साहेब, तुम्हाला मनातून नक्की काय पाहिजे, ते एकदा घरी बसून ठरवा. नाहीतर कूलर घ्या. त्याला काही कागद लागत नाहीत." वर्ग दोनचा राजपत्रित नसलो तरी मीही सरकारी माणूस आहे. चारचौघांत कूलर घ्या म्हणजे काय? तणतणत घरी आलो आणि दोन ग्लास ताक प्यालो.

अशानं हा अभ्यास आणखी वर्षभर सहज चालला असता. पण आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली.

आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते. तिला न्यायला भाऊ जातो, त्याला म्हणायचं मुराळी. माझी अक्का, ताईबाई, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिला धुळ्यापलीकडे सोनगीरला दिलेली. बाराव्या वर्षापासून मी तिचा मुराळी. यष्टीने जायचं, दुपारी जेवायचं, संध्याकाळच्या यष्टीने अक्काला घेऊन परत. पण गेल्या दोन आखाजींना अक्का आलीच नाही. एकदा म्हणे शेतात कांदा काढायचाय, एकदा म्हणे म्हैस व्यायला झालीय. दोन्ही वेळा मी रिकामा परत आलो. आमच्या दारात झोका बांधलेला, सांजोऱ्या तळून ठेवलेल्या, आणि झोक्यावर बसायला शेजारच्या पोरी. फार वाईट वाटलं हो. अक्का रुसली, हे मी ओळखलं होतं. का रुसली, ते कळत नव्हतं. माझा संशय चुडामण दाजींच्या एका वाक्यावर होता. अक्काचे यजमान तसे मोकळे, पण चेष्टेखोर. मागे एकदा पंगतीत म्हणाले होते, "सालेसाहेब, बहिणीला न्यायला यष्टीचं तिकीट घेऊन येणारा मुराळी आता तुम्ही एकटेच उरले." सगळे हसले होते. अक्का हसली नव्हती.

यंदाही ती आली नाही, तर पुढच्या वर्षी मी तोंड घेऊन जाणार नव्हतो. तेवढं मनाशी ठरलं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात शोरूममधल्या महेक पिंजारी मॅडमनी मला निर्वाणीचं सांगितलं. पोरगी पंचविशीची, पण बोलणं तहसीलदाराचं. "सर, तुम्ही अकरा वेळा टेस्ट ड्राइव्ह घेतलीय. सेल्समध्ये तुमच्यावरून लोक मला चिडवतात. शेवटचं सांगते. उद्या अख्खा दिवस गाडी न्या, कुठे न्यायची तिथे न्या. मी सोबत असेन. संध्याकाळी शोरूम बंद व्हायच्या आत हो किंवा नाही. तिसरा शब्द ऐकणार नाही."

घरी येऊन हे सांगितलं तर दीपमाला एकदम उजळली. "अहो, मग उद्याच जा ना अक्कांना आणायला!"

काय सांगू, मला रात्रभर झोप नाही. पहाटे उठून मी गाडी नसताना गाडीचं फडकं धुतलं.

सकाळी आठला आम्ही निघालो. मी स्टीअरिंगवर, शेजारी महेक. बटण दाबलं, काही ऐकू आलं नाही, आणि गाडी चालायला लागली! पाळधी गेलं, एरंडोल गेलं. पाय जरा दाबला की अशी झेप घ्यायची, की तोंडातून आपोआप "अग्गं आई गं!" निघायचं. केळीचे तीन ट्रक मागे टाकले. एका ट्रकवाल्याने चक्क मान वळवून बघितलं. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत मी एसी सोळावर ठेवलेला. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात इतका आनंद मला फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी झाला होता, तोही दुपारपर्यंतच.

"सर, पाय हलका ठेवा. एसी कमी करा," महेक दर पाच मिनिटांनी म्हणायची.

"मॅडम, आज मुराळी निघालाय. आज हलकं काही नाही."

निघताना पडद्यावर तीनशे दहा किलोमीटर दाखवत होतं. सोनगीरच्या फाट्यावर पोचलो तेव्हा एकशे पाच. आणि घर एकशे पंधरा किलोमीटर मागे. मी हिशेब तीनदा केला, तिन्ही वेळा दहा किलोमीटर कमी पडले. एसीतसुद्धा मला घाम फुटला.

त्याहून मोठं संकट दारावर होतं. दोन्ही बाजूंच्या दारांवर हातभर अक्षरांत लिहिलेलं, 'टेस्ट ड्राइव्ह'. हे मला सकाळपासून दिसत होतं, पण त्याचा अर्थ गाव जवळ आल्यावर कळला. दाजी हे वाचणार! तिकिटावरून इतकं बोलले, यावरून काय काय बोलतील? मी फाट्यावर गाडी थांबवली. डाव्या काचेत माझा पंचा अडकवून अक्षरं झाकली आणि उजवीकडे मला उतरण्यापुरती फट ठेवून गाडी भिंतीला लावायची ठरवलं. महेक कपाळाला हात लावून बघत होती.

"सर, खोटं बोलायला लागू नका हां. मी आहे म्हणून सांगते."

"मी काही बोलणारच नाही. नुसता उतरणार."

आणि खरंच मी काहीच बोललो नाही. बोलायची वेळच आली नाही. अक्का उंबऱ्यात उभी होती. मला बघितलं, गाडी बघितली, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात अहिराणीत ओरडली, "मन्हा भाऊ ऊना! मन्हा भाऊनी गाडी शे!"

संपलं. भाऊ आला, आणि गाडी भावाचीच! आता यावर टेस्ट ड्राइव्हचा खुलासा कोणत्या तोंडानं करू? दाजी धावत आले, गाडी पुढून-मागून न्याहाळली, आणि पहिल्यांदा मला सालेसाहेब न म्हणता 'नवलराव' म्हणाले. अक्काचे सासरे वना आबा काठी टेकत आले. नव्वदीच्या घरातले. त्यांनी महेककडे बघून विचारलं, "कोनी पोर शे वं तू?"

महेकने माझ्याकडे बघितलं, मग अक्काच्या चेहऱ्याकडे बघितलं. "आबा, मी कंपनीची. नव्या गाडीबरोबर पहिल्या दिवशी एक माणूस येतं."

"सासरी पोर गयी म्हनजे पाठराखीन जास, तशी का?"

"तशीच," महेक म्हणाली. आबांना ती कंपनी फार पसंत पडली.

आता वीज. आबांची घरालगत पिठाची गिरणी आहे. तिथे मोठा पॉइंट होता. महेकने डिकीतली वायर काढून जोडली आणि पडद्यावर हिरवा दिवा लागला. मी सुटकेचा निःश्वास टाकतो तोच गिरणीत 'फाट्' झालं. गिरणी बंद, घरातला पंखा बंद, शेजारच्या तिघांची लाईट बंद. आणि दिवस कोणता? आखाजीच्या तोंडावरचा! गिरणीसमोर पंधरा-वीस बाया गव्हाचे, डाळीचे डबे घेऊन बसलेल्या. "कोनं करं हाई?" असा गलका झाला. एकेका बाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू तिच्या घरचं पुरण माझ्यामुळेच होणार नव्हतं. खरं म्हणजे माझ्यामुळेच होणार नव्हतं.

वायरमनला निरोप गेला. तो दुपारी येणार होता. आता वीस बाया, हातात काम नाही, आणि समोर नवी गाडी. दुसरं काय होणार? तानुबाई नावाच्या एका म्हातारीने विचारलं, "गाडीनी पुजा करी का नही?"

"नही ना अजून," अक्का म्हणाली. "आते करू!"

मी म्हटलं, "अक्का, कशाला? जळगावला करू की." कोण ऐकतं? ताट आलं, हळद-कुंकू आलं, झेंडूचा हार आला. माझा पंचा कोणीतरी ओढून काढला आणि घाम पुसायला मलाच दिला. दारावरची अक्षरं उघडी! मी डोळे मिटले. उघडले तेव्हा अक्का पाठमोरी उभी होती. तिने दोन्ही तळवे ओल्या हळदीत बुडवले होते आणि बरोब्बर त्या अक्षरांवर पंजे उमटवत होती. एक, दोन, पाच, सात. मग म्हणाली, "नवल, गाडी जराशी पुढे घे. तिकडनं बी करू दे." पलीकडच्या दारावरही पंजे. अक्षरं गडप! देव आहे, असं मला त्या क्षणी वाटलं.

देवाने मग दाजींच्या हातात नारळ दिला. दाजी म्हणाले, गाडीपुढे दगडावर फोडतो. दगडावरच मारला, पण नारळ सोनगीरचा, दगडाला ऐकेना. तिसऱ्या फटक्याला फुटला तो असा, की अर्धी करवंटी उडून बॉनेटवर टण्णकन बसली. कैरीच्या रंगावर रुपयाएवढा खळगा! बायांनी टाळ्या वाजवल्या. महेक खाली बसली. तिला चक्कर आली असं वाटून बायांनी लगेच पाणी दिलं, सांजोरी दिली, आणि जाताना घेऊन जा म्हणून ब्लाउजपीस मांडीवर ठेवलं. "सर," ती हळूच म्हणाली, "मॅनेजर मला उद्यापासून येऊ नको म्हणतील." तेव्हा मात्र माझं हसू गेलं. माझ्या तोऱ्यापायी या पोरीची नोकरी जायची वेळ आली होती.

दोनला वायरमन आला, मोठा फ्यूज टाकला, गिरणी सुरू झाली. पाचपर्यंत गाडी जोडून ठेवली. पडद्यावर एकशे पासष्ट आले. जेवण झालं, सामान भरलं, ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, गव्हाची गोणी, पाटीभर आंबे. आता खरी परीक्षा होती. अक्का येते की पुन्हा म्हैस आडवी येते?

मी विचारलंच नाही. नुसतं दार उघडून उभा राहिलो. अक्का लुगडं सावरत आली. तेव्हा मला दिसलं, की ती उजवा पाय ओढत चालते. दाजींनी दंडाला धरायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला, सीटकडे पाठ केली आणि बसली. नुसती बसली! ना वाकावं लागलं, ना चढावं लागलं. सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीवर होती. मग तिने एक पाय आत घेतला, दुसरा हाताने उचलून घेतला, आणि लहान मुलीसारखी हसली. "बसता येस रे भाऊ!"

धुळं मागे पडलं. एसी सव्वीसवर, पाय हलका, गाडी साठवर. महेक मागच्या सीटवर आंब्यांच्या पाटीला टेकून बसलेली. पारोळ्याच्या अलीकडे मला राहवेना.

"अक्का, एक सांगायचंय. ही गाडी माझी नाही."

"माले माहीत शे."

"कधीपासून?"

"तू गल्लीमा वळना तवयपासून. उजवा दारवर लिखेल व्हतं ना. सातवी शिकेल शे मी."

मागून महेकचा हसू दाबल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "मग ती पूजा? ते पंजे?"

"पुजेल गाडी कोनी परत करस का?" अक्का म्हणाली. "आठ महिनापासून फोनवर ऐकी राहिनू तुन्हा फायदा नी तोटा. माले वाटनं, याना काही भरोसा नही. मीच नारळ फोडाले लावं."

मग खिडकीबाहेर बघत तिने बाकीचं सांगितलं. रुसवा नव्हता. कांदा नव्हता, म्हैसही नव्हती. गुडघा गेला होता. यष्टीची पहिली पायरीच चढता येत नव्हती. पहिल्या वर्षी मी यायच्या आधीच ती फाट्यापर्यंत जाऊन, यष्टीची पायरी चढून बघून, मला न सांगता परत वळली होती. चारचौघांत दोघांनी उचलून चढवायचं, हे तिला नको होतं. आणि मला सांगितलं असतं, तर मी तीन डॉक्टर बदलून गुडघ्याचीही वही केली असती. खोटं कशाला बोला, केली असती. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, कारण हात स्टीअरिंगवर होते. दोनशे पानांत गाडीची लांबी होती, रुंदी होती, बॅटरीचं वजन होतं. बसणाऱ्याच्या कमरेपर्यंत सीट किती उंच, हे कुठेच नव्हतं.

साडेसातला शोरूमपुढे पोचलो. मॅनेजर बाहेरच उभे होते. त्यांनी गाडी बघितली. हार, हळदीचे चौदा पंजे, बॉनेटवरचा खळगा, मागच्या काचेला चिकटलेली नारळाची शेंडी. त्यांचा चेहरा महेककडे वळायच्या आत मी खाली उडी मारली.

"त्यांना काही बोलायचं नाही! गाडी घेतली. हो म्हणतो. हीच घेतली!"

"काका, ही डेमोची आहे. तुम्हाला नवी कोरी देऊ, तीन आठवड्यांत. रंगही बदलून मिळेल."

"आखाजी परवा आहे," मी म्हटलं. "आणि ही पुजलेली आहे."

मॅनेजर म्हणाले, असं करता येत नाही, वर विचारावं लागेल, डेमोचे कागद वेगळे असतात. महेक त्यांना बाजूला घेऊन काहीतरी भराभरा समजावत होती. फोन झाले. पुन्हा फोन झाले. तोवर त्यांना आठवलं, की गाडीत एक बाई बसलेल्या आहेत. ते अदबीने खिडकीशी वाकले.

"मावशी, तुम्ही खाली उतरा ना. आत येऊन बसा, वेळ लागेल. आत एसी आहे."

अक्काने पदर नीट केला, गाडीतल्या एसीकडे बोट दाखवलं आणि सीटला आणखी ऐसपैस टेकली.

"आठे बी शे," ती म्हणाली. "मी आते घर जाईसनच उतरसू."